दत्तूच्या हातची सहा कातडी

फुलाबाईंचा चेहरा मी नंतर पाहिला. आधी पाहिला तो त्यांचा अंगठा.

जून १९९८ मधली गोष्ट. घोटीच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचे प्रवेश चालले होते. टेबलावर अर्जांचा गठ्ठा, शाईचं पॅड, समोर पालकांची रांग. ज्यांना सही येत नव्हती त्यांचा अंगठा मी स्वतः धरून पॅडवर टेकवायची आणि अर्जावर उमटवायची, नाहीतर शाई फासली जायची. एका मुलीची आई पुढे आली. मान खाली घालूनच मी तिचा अंगठा धरला आणि कागदावर दाबला. कागदावर नुसता निळा लांबट डाग पडला. एकही रेघ नाही. शाई जास्त झाली असेल म्हणून मी फडक्याने पुसून पुन्हा उमटवला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी अंगठा उलटा करून पाहिला. गुळगुळीत, पांढरट, जुन्या सहाणेसारखा झिजलेला.

"चुन्यानं जातात, बाई," ती बाई म्हणाली. "माझ्या बोटांवर काय ऱ्हात नाय. डागच पडतो. मागं मतदानालाबी डागच पडला."

तेव्हा मी वर पाहिलं. तिशीच्या आतबाहेरची, उंच, काळीसावळी बाई. टेबलापासून दोन हात अंतर राखून उभी होती आणि हात तेवढा पुढे केला होता. अंगाला कातडी आणि चुना यांचा वास येतो हे तिला माहीत होतं, म्हणून ते अंतर. तिच्या मागे पदराला धरून एक मुलगी उभी होती. मी डागाखाली लिहिलं, 'अंगठा, फुलाबाई दत्तू, माझ्यासमक्ष.' आणि मुलीला विचारलं, "नाव काय तुझं?"

"रोशनी," मुलगी म्हणाली.

"हिच्या अंगठ्याला रेघा हायेत," फुलाबाई म्हणाल्या. "बघा तुमी."

मी पाहिल्या. होत्या.

पुढे चौदा वर्षं मी त्याच शाळेत होते, म्हणून त्या घरी माझं जाणं-येणं झालं. घर गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणाच्या टोकाला सिमेंटचा हौद. कातडं कमावणं हे दत्तूच्या घरचं पिढीजात काम. पूर्वी त्या वस्तीत नऊ घरं हे काम करायची. मग कुणी रेल्वेत लागलं, कुणी नाशिकला गेलं, कुणी गवंडीकाम धरलं. मी पाहिलं तेव्हा तीन हौद भरलेले असायचे. मी निवृत्त झाले तेव्हा एकच, दत्तूचा.

खाटकाकडून दत्तू बकऱ्याची कातडी आणायचा, मीठ लावून घडी घातलेली. ती धुऊन चुन्याच्या हौदात टाकायची आणि रोज वर-खाली उलटायची. सात-आठ दिवसांत केस सुटतात. मग ओंडक्यावर पसरून बोथट सुरीने केस खरवडायचे, मागच्या बाजूचं मांस रापीने काढायचं. त्यानंतर तांदळाच्या कोंड्याच्या आंबवलेल्या पाण्यात ठेवायचं, म्हणजे आत शिरलेला चुना निघतो. घोटीत भाताच्या गिरण्या पुष्कळ, त्यामुळे कोंड्याला तोटा नाही. शेवटी बाभळीची साल आणि हिरडा. कातडं कडेने शिवून पिशवी करायची, तिच्यात सालीचं पाणी भरायचं आणि तीन बांबू एकत्र बांधून त्यांना ती लटकवायची. पाणी कातड्यातून झिरपत खाली घमेल्यात ठिबकतं. ते पुन्हा वर ओतायचं. असे वीस-बावीस दिवस. तयार झालेलं चामडं नाशिकचे चपला करणारे अस्तरासाठी घेऊन जायचे.

साल कुटणं आणि पिशव्या भरणं दत्तूचं काम. हौद फुलाबाईंचा. आणि हौदातलं कातडं कधी काढायचं हे ठरवणंही त्यांचंच. एक दिवस आधी काढलं तर केस मुळाशी अडकून राहतात, दोन दिवस उशीर झाला तर चुना कातडंच खातो. हे दिवस मोजून चालत नाही. थंडीत चुना सावकाश काम करतो, उन्हाळ्यात घाई करतो. कातडं हातात घेऊन किती मऊ झालंय ते पाहावं लागतं. पण फुलाबाईंच्या बोटांना काही कळत नव्हतं. चहाचं पातेलं त्या फडक्याशिवाय उतरवायच्या. म्हणून त्या कातड्याचं एक टोक स्वच्छ पाण्यातून काढायच्या आणि गालाला लावायच्या. डोळे मिटून, दोन-तीन क्षण.

"हाताला कळत नाय, गालाला कळतं," त्या मला म्हणाल्या होत्या.

दत्तू ओंडक्याशी बसलेला होता. तो म्हणाला, "बाई, आमच्या घरात बकऱ्याला जेवढा गाल भेटतो, तेवढा मला नाय भेटला कधी."

"तू कुठं चुन्यात पडला आठ दिवस?" फुलाबाई म्हणाल्या.

"पडू का?"

"पड. केसं तरी जातील कानावरली."

अशी ती दोघं. फार बोलत नसत, पण बोलली की असं.

रोशनीला मात्र फुलाबाईंनी त्या हौदाजवळ कधी फिरकू दिलं नाही. वर्गात पोरं तिला 'चुन्याची डबी' म्हणायची. मी दोघांना बाकावर उभं केलं, एकाच्या बापाला बोलावून घेतलं, पण पोरांचं तोंड मास्तरीण गेली की सुटतंच. ती घरी येऊन रडायची आणि आई तिला म्हणायची, "तुझ्या हाताला लागलाय का चुना? नाय ना? मग वास माझा हाय, तुझा नाय." मुलगी बारावी झाली, नाशिकला कॉम्प्युटरचा कोर्स केला, ओझरला एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर लागली. नवरा मयूर, ओझरच्याच विमानांच्या कारखान्यात कंत्राटावर. चांगला मुलगा. एक मुलगी आहे त्यांना.

मी निवृत्त होऊन नाशिकला गंगापूर रोडला मुलाकडे राहायला आले. फुलाबाईंची भेट वर्षाकाठी एखाद्या वेळी व्हायची. रोशनीचा फोन असायचा, दिवाळीला, गुरुपौर्णिमेला. तीन वर्षांपूर्वी पौषात एका मंगळवारी दुपारी तिचा फोन आला तेव्हा दिवाळीही नव्हती आणि गुरुपौर्णिमाही नव्हती.

"बाई, अण्णा गेले," ती म्हणाली.

दत्तू सकाळी भाताच्या गिरणीवर कोंडा आणायला गेला होता. पोतं भरून झालं, तोंड शिवून झालं, मग म्हणाला, जरा बसतो. पोत्यावरच बसला आणि तिथेच गेला. गिरणीवाल्यांनी त्याला टेम्पोत घालून घरी आणलं. कोंड्याचं पोतंही त्याच टेम्पोत होतं. आधी त्याला उतरवलं, मग पोतं.

फुलाबाई हौदाशी होत्या. सहा कातडी दत्तूने तीन दिवसांपूर्वी चुन्यात टाकली होती, ती उलटत होत्या. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि येऊन दत्तूच्या कपाळाला गाल लावला. डोळे मिटून, दोन-तीन क्षण. वस्तीतल्या बायकांना वाटलं, आता हंबरडा फोडतील. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "गार हाय." मग उठून आत गेल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. रडल्या नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. बायका आपसांत बोलल्या, दगडाची हाय. मला हे रोशनीने सांगितलं. मी तिथे नव्हते.

मी गेले ते पाचव्या दिवशी. महामार्गावरून एसटीने घोटी, तिथून चालत. अंगणात दत्तूचा धाकटा भाऊ बाळाजी घोंगडीवर बसला होता. फुलाबाई आतल्या खोलीत, दाराच्या थोड्या आत, त्याच भिंतीला टेकून. मी जवळ बसले. त्यांचा हात हातात घेतला. हाताला हात लागलाय हे त्यांना कळलं असावं असं वाटलं नाही.

"बाई आल्या," त्या म्हणाल्या. एवढंच.

त्या बाहेर बघत होत्या. दारातून हौद दिसत नव्हता, मध्ये न्हाणीघराचा पत्रा होता. पण त्या तिकडेच बघत होत्या.

सहा कातडी चुन्यात होती आणि घरात सुतक होतं. दहा दिवस कामाला हात लावायचा नाही, हौदाला तर नाहीच. सुतकात शिवलं तर चुना नासतो असं त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानतात. दत्तू स्वतः हे फार पाळायचा. बापाच्या सुतकात त्याने नऊ कातडी कुजू दिली होती, पण हात लावला नव्हता. बाळाजी भाऊ, तोही सुतकात. दुसरं घर या कामातलं उरलेलं नाही. तीन दिवस कातडी कोणी उलटली नाहीत.

पण लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवस. चौथ्या दिवशी रोशनीने डोक्यावरून आंघोळ केली आणि ती मोकळी झाली. त्या हौदाला हात लावता येईल असं घरात एकच माणूस उरलं, आणि ते होती रोशनी.

त्याच चौथ्या दिवशी तिने आईला सांगितलं होतं, "आई, दहावा झाला की तू आमच्याकडे यायचंस. इथे एकटी राहून काय करणार?"

फुलाबाईंनी हौदाच्या बाजूला मान वळवली. मग म्हणाल्या, "चुन्यात सहा हायेत. त्याच्या हातची. तू काढ. हा घाणा निघाला तर मी हितंच ऱ्हाईन, एकटीनं करीन. साल कुटायला माणूस लावीन. नाय निघाला तर तू म्हणशील तिथं."

"मला काय येतंय त्यातलं?"

"मी सांगते. तू हात लाव."

मी गेले तेव्हा हेच चाललं होतं. मी दाराशी सरकून बसले तशी पत्र्याच्या कडेने रोशनी हौदावर वाकलेली मला दिसू लागली. ओढणी कमरेला बांधलेली, आणि हातात कोपरापर्यंत काळे रबरी हातमोजे. मयूरचे, कारखान्यातले. मला ते पाहून बरं वाटलं. मुलगी शिकलेली आहे, हात सांभाळतेय, असंच माझ्या मनात आलं. मी काही बोलले नाही.

"ओझरच्या म्याडम, जपून," बाळाजी घोंगडीवरून म्हणाला. "विमान नाय ते, बकरं हाय."

"काका, तुम्ही तिकडे बघा ना," रोशनी म्हणाली.

"तिकडं बघून काय करू? दादा हाय का तिकडं?" तो तंबाखू मळत बसला.

आतून फुलाबाईंनी आवाज दिला. "मानेकडचं टोक घे. मान जाड असती. पाण्यातून काढलं का?"

"काढलं."

"दाब आता. दोन बोटांत धर. कसं लागतंय?"

"मऊ लागतंय."

"मऊ किती? कानाच्या पाळीवानी का ओठावानी?"

रोशनीने हातातलं टोक दाबलं. पुन्हा दाबलं. "कानाच्या पाळीसारखं."

"मग नाय झालं. ऱ्हाऊ दे. उलट आणि ऱ्हाऊ दे."

मी फुलाबाईंकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात वर आला होता, गालापर्यंत, आणि तिथे थांबला होता. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"वयनी, एकदा गाल लावून बघा की," बाळाजी बाहेरून हळूच म्हणाला. "कोण बघतंय? बाई काय सांगणार नायत कुणाला."

"त्यानं लावला असता का?" फुलाबाई म्हणाल्या.



मी संध्याकाळच्या गाडीने परत आले. सहाव्या दिवशी रोशनी म्हणाली, कानाच्या पाळीसारखं. सातव्या दिवशी म्हणाली, अजून तसंच. फुलाबाई दारातून म्हणाल्या, यंदा थंडी लय हाय, चुना झोपलाय, ऱ्हाऊ दे. आठव्या दिवशी सकाळी रोशनी हौदाशी गेली तर पाण्यावर केसच केस तरंगत होते. कातड्यांवरचे केस आपण होऊन सुटले होते. ती घाबरली. सहाही बाहेर काढली, ओंडक्यावर टाकली. खरवडायला सुरीही लागली नाही, हात फिरवला की केस येत होते. तिने ती धुतली आणि कोंड्याच्या पाण्यात ठेवली. कोंडा त्याच पोत्यातला होता.

"केस कसं निघालं?" फुलाबाईंनी विचारलं.

"छान निघाले," रोशनी म्हणाली.

दहावा नाशिकला झाला, गोदावरीवर. मी गेले होते. बाळाजीने क्षौर केलं, पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. बायकांना ते बरं वाटलं. फुलाबाई घाटाच्या पायरीवर बसून होत्या. यशस्वीपणे काहीतरी पार पडलं की माणसं जशी एकमेकांशी बोलू लागतात तशी सगळी बोलत होती.

घोटीला घरी जाऊन त्यांनी आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच थेट हौदाकडे गेल्या. कोंड्याच्या पाण्यातून पहिलं कातडं उचललं, पाणी निथळू दिलं आणि गालाला लावलं. मग दुसरं. मग तिसरं. सहाही लावून पाहिली. त्यांच्याबरोबर मीही घोटीला आले होते; ओसरीवर बसले होते, रोशनी माझ्याशेजारी.

"कसं आहे?" तिने विचारलं.

"चुना जुना होता," फुलाबाई म्हणाल्या. "त्यानं बदलायला पायजे होता. जुना चुना खातो."

न्हाणीघराच्या पत्र्यावर काळे हातमोजे वाळत टाकले होते, उलटे करून. फुलाबाई त्यांच्याजवळूनच घरात आल्या. त्यांनी ते पाहिले हे मी पाहिलं. त्यांनी ते काढले, सुलटे केले आणि एकात एक घालून रोशनीच्या पिशवीत ठेवले.

"मयूररावांना लागतील," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीपासून त्या कामाला लागल्या. साल दत्तूने कुटून ठेवलेली होती. हिरडा पेठच्या बाजूकडून आलेला, तोही फोडून ठेवलेला. सहा कातडी शिवून सहा पिशव्या केल्या, भरल्या, टांगल्या. रोशनी तेराव्यानंतर ओझरला गेली. तिला रजा नव्हती. त्यानंतरचं मला तिच्याकडून कळलं, कारण फुलाबाई रोज संध्याकाळी तिला फोन करायच्या आणि ती रात्रीचं जेवण झालं की मला.

रोशनी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिली पिशवी पोटाशी फाटली. सगळं पाणी अंगणात.

"एक गेलं," फुलाबाई फोनवर म्हणाल्या.

"बरं," रोशनी म्हणाली.

दोन दिवसांनी दुसरी, मानेच्या शिवणीत. "दुसरं गेलं." "बरं." मग एकाच दिवशी दोन. मग आठवडाभर काही नाही. रोशनी मला म्हणाली, बाई, आता मला फोन घ्यायची भीती वाटते आणि नाही आला तरी भीती वाटते. मग पाचवी. "पाचवं गेलं. चहा झाला का तुझा?" "झाला." "पोरीला ताप होता, उतरला का?" "उतरला."

सहावी टिकली. बावीस दिवस टिकली. फुलाबाईंनी ती सोडली, धुतली, सावलीत वाळवली, करंजीचं तेल दिलं. एका रविवारी रोशनी आणि मयूर घोटीला गेले तेव्हा चामडं तयार होतं. मध्ये एक बोट जाईल एवढं भोक, एका बाजूला पातळ, हाताला ढिसाळ. चपलेच्या अस्तराला कुणी घेतलं नसतं.

फुलाबाईंनी मयूरपुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन या. सामान जास्त नाय."

रोशनी म्हणाली, "आई, एक निघालं ना?"

"मी घाणा म्हणले होते," फुलाबाई म्हणाल्या. "एकाला घाणा म्हणत नायत."

टेम्पो आला. भांडी, दोन गोधड्या, एक पत्र्याची पेटी, दत्तूचा फोटो. ओंडका, रापी, सुऱ्या बाळाजीला दिल्या. त्याला त्यांचा उपयोग नाही. हौद रिकामा केला आणि उलटी घमेली आत ठेवली. वस्तीतल्या बायका निरोपाला आल्या, दोघी-तिघी रडल्या. फुलाबाई टेम्पोत पुढे बसल्या आणि म्हणाल्या, "चला."

पुढच्या पावसाळ्यात रोशनी मला भेटायला गंगापूर रोडला आली होती. बराच वेळ दवाखान्यातलं, मुलीच्या शाळेतलं बोलली. मग म्हणाली, "बाई, तुम्ही पाहिले होते ना हातमोजे?"

मी हो म्हटलं.

"मला सातव्या दिवशी कळलं होतं. मोज्यातून सगळंच कानाच्या पाळीसारखं लागतं. मी आपला स्वतःचा ओठ दाबून पाहिला मोज्याने, तर तोही तसाच लागला. मी मुद्दाम नाही केलं, बाई. पण मोजे काढून एकदा बघावं, हेही नाही केलं. मला आई इथे हवी होती. आणि तो चुना मला नको होता. यातलं काय जास्त होतं, ते मला अजून सांगता येत नाही."

"आईला बोललीस?"

"नाही. आई म्हणते चुना जुना होता. मीही तेच म्हणते."

फुलाबाईंनीही मला एकदा, ओझरला मी गेले असताना, रोशनी घरात नसताना सांगितलं होतं. "चुना नवाच होता, बाई. त्यानं ती सहा टाकायच्या आदीच बदलला होता. पोरीचे हात चांगले ऱ्हायले, बास झालं. तिला बोलू नका." तोवर मी एकीचं दुसरीला सांगितलं नव्हतं. हे लिहायला बसण्याआधी रोशनीला फोन करून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिहा. आईला वाचता येत नाही. आणि मला जे माहीत आहे ते तुम्ही लिहिल्याने वाढणार नाही." मग मी तिला सांगितलं की आईलाही माहीत आहे. पलीकडे बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग ती म्हणाली, "असेलच. तिने मोजे सुलटे केले होते ना." आणि फोन ठेवला.

फुलाबाई आता ओझरला आहेत. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि गॅलरी. सकाळी नातीला शाळेच्या रिक्षेत बसवतात. दुपारी धान्य निवडतात, निवडायचं नसलं तरी. बोलतात बेताचं. शेजारच्या बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, पण भाजी निवडायला गॅलरीत येऊन बसतात. वास आता कुणालाच येत नाही. एकदा त्याच मला म्हणाल्या, मलाबी येत नाय, गोधडीलाबी नाय.

ते सहावं चामडं तांदळाच्या डब्याखाली अंथरलेलं आहे. त्यामुळे डब्याला खालून ओल लागत नाही. भोक असलेली बाजू भिंतीकडे आहे.

मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा त्या चहा उतरवत होत्या. पातेल्याला हात लावला आणि पटकन मागे घेतला. मग फडकं शोधलं. ओट्यावर नव्हतं, खिळ्यालाही नव्हतं. शेवटी पदराने उतरवलं. चहा पिताना त्यांनी रेशनचं सांगितलं. घोटीला असताना रेशनच्या दुकानातलं मशीन त्यांचा अंगठा कधीच घ्यायचं नाही. दत्तूचा घ्यायचं, साल कुटून कुटून खरखरीत झाला होता तरी. त्यांचा दहा वेळा ठेवला तरी लाल दिवा. दुकानदार वैतागायचा, मागची रांग ओरडायची. ओझरला पहिलं वर्ष तसंच गेलं. रोशनीला रजा टाकून जावं लागायचं.

आता दर महिन्याला फुलाबाई एकट्या रेशनला जातात. मशीन त्यांचा अंगठा पहिल्याच वेळी घेतं.